तंबोरा बंद का केलाय?

गेले तीन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. रिलीज होता, हे नेहमीचं कारण आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. मी स्पीकर ऐकत फिरत होतो.

साधेसुधे नाहीत, फ्लोअरस्टँडर. म्हणजे जमिनीवर उभे राहणारे, कमरेच्या वर पोचणारे, घरात आणले की आई 'हे कपाट कुठे ठेवणार?' असं विचारेल असे. कॉलेजच्या होस्टेलमध्ये डब्याएवढ्या कॉम्प्युटर स्पीकरवर गाणी ऐकताना ठरवलं होतं की नोकरी लागली की एकदा तरी खरे स्पीकर घ्यायचे. नोकरी लागून सहा वर्षं झाली. दीड लाख बाजूला पडले होते. तेव्हा एका शनिवारी बाबांना घेऊन पुण्यातल्या एका दुकानात गेलो. बाबांना मुद्दाम नेलं, कारण आमच्या घरातले खरे कानसेन तेच. सवाई गंधर्वला ते कित्येक वर्षं न चुकता जातात, सतरंजी आणि थर्मास घेऊन. मी मांडीवर झोपायचो तेव्हापासून मलाही नेत आलेत.

दुकानाची ऐकायची खोली भारी होती. जाड गालिचा, पडदे, मधोमध एकच कोच. समोर साडेतीन फुटी जोडी, प्रत्येकात दोन साडेसहा इंची वूफर, एक मिडरेंज, वर ट्वीटर. विक्रेत्याने आधी त्याची ठरलेली गाणी लावली. गिटारची तार छेडल्याचा आवाज असा आला की बोटाचं नख दिसावं. मग मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि भीमसेनजींची एक जुनी मैफल लावली.

काय सांगू मंडळी! घरी जो तबला नुसता टक्-टक् वाजतो, त्याचा डग्गा इथे पोटात जाणवला. घुमारा नव्हे, गोल, भरीव आवाज, आणि तो जिथे संपायला हवा तिथेच संपला. गायक दोन स्पीकरच्या मधे, जरा मागे बसलाय हे डोळे मिटून सांगता येत होतं. आणि या सगळ्याच्या पाठी तंबोरे. घरी ते जेमतेम कळतात. इथे त्यांची जवारी एखाद्या झिरझिरीत पडद्यासारखी खोलीभर पसरली होती. मी मनातल्या मनात कार्ड स्वाइप केलं होतं.

बाबांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते. तुकडा संपल्यावर म्हणाले, "छान आहे रे. गळा अगदी समोर वाटतो. पण याने तंबोरा बंद का केलाय?"

मी म्हणालो, "बाबा, तंबोरा चालू आहे."

"कुठे?"

विक्रेत्याने आवाज वाढवला. बाबांनी लगेच कानावर हात ठेवला. "अरे, केवढ्याने! कमी करा." कमी केला, तर पुन्हा तंबोरा गायब. मग ते हसून म्हणाले, "असू दे, माझंच लक्ष नसेल." आणि घड्याळात पाहिलं.

मी जोडी घेतली नाही. 'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडलो. घरी येऊन इंजिनीअर लोक अडचणीत जे करतात तेच केलं, म्हणजे प्रश्नाकडे सरळ न पाहता त्याचा इतिहास वाचायला घेतला :-) गंमत अशी की या वेळी इतिहासानेच उत्तरापाशी आणून सोडलं. म्हणून हा लेख. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

'अगदी समोर बसून गातोय असं वाटतं' हे वाक्य स्पीकर विकणाऱ्यांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य आहे. ते स्पीकरपेक्षाही जुनं आहे. १९१५ पासून पुढची दहाएक वर्षं एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत 'टोन टेस्ट' नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर एडिसनचा डायमंड डिस्क फोनोग्राफ आणि शेजारी खरी गायिका. ती गाता गाता थांबे आणि यंत्र पुढे गात राही. कधी दिवे मालवत, आणि दिवे लागल्यावर कळे की गायिका केव्हाच निघून गेलीय, गातंय ते यंत्र. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही असा प्रयोग झाला. लोक म्हणत, फरकच कळत नाही.

लक्षात घ्या, हे विजेवर चालणारं यंत्र नव्हतं. सुई, पडदा आणि भोंगा, एवढंच. त्या काळच्या रेकॉर्डवर खालचे सूर नव्हते, वरचे नव्हते. आज ती रेकॉर्ड ऐकली तर शेंबडं पोरही सांगेल की हा डबा वाजतोय. मग हजारो लोक फसले कसे? एक उत्तर नंतर मिळालं. या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे म्हातारपणी कबूल केलं की त्या स्वतःचा आवाज यंत्राशी जुळेल असा बेताने लावत असत. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता! पण दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. ऐकणाऱ्यांना फरक ऐकायचा नव्हता. हे उत्तर जरा बाजूला ठेवा, पुढे लागेल.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याची जन्मतारीख सांगायची तर १९२५. तारेचं वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून प्रवाह सोडला की ते हलतं, ही कल्पना आधीची आहे. सीमेन्सच्या १८७४ च्या आणि ऑलिव्हर लॉजच्या १८९८ च्या पेटंटमध्ये ती सापडते. १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी त्या वेटोळ्याला भोंगा जोडून जाहीर सभांसाठी आवाज मोठा केला. पण जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ च्या निबंधात भोंगाच काढून टाकला. छोटा कागदी शंकू, त्याच्या मागे वेटोळं, आणि कडेने इतकी सैल पकड की शंकूची स्वतःची थरथर संगीताच्या खालच्या टोकाला जाऊन बसावी. तसं केलं की त्याच्या वरचे सूर बरेचसे सारख्या जोराने बाहेर पडतात, हे त्यांनी गणिताने दाखवलं. पुढच्याच वर्षी तो 'रेडिओला १०४' या नावाने बाजारात आला. आज माझ्या मोबाइलपासून त्या साडेतीन फुटी जोडीपर्यंत सगळीकडे मुळात तेच यंत्र आहे. माझ्या क्षेत्रात दहा वर्षांपूर्वीचा कोड कुणाला वाचवत नाही, आणि इथे शंभर वर्षांपूर्वीचं डिझाइन प्रॉडक्शनमध्ये आहे!

पण त्या शंकूत एक अडचण आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. टबात ताट उभं धरून हळूहळू हलवून बघा, पाणी पुढे जाण्याऐवजी कडेवरून मागे वळतं. हवाही तेच करते. जलद थरथरीला वळायला वेळ मिळत नाही म्हणून वरचे सूर ऐकू येतात, पण खालचे सूर पुढचे-मागचे मिळून वजाबाकी होऊन जातात. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर चिरका वाजतो तो यामुळेच. उपाय म्हणजे मधे भिंत घालायची किंवा मागची बाजू पेटीत कोंडायची. स्पीकरला खोकं असतं ते शोभेसाठी नाही, मागचा आवाज पुढच्याला खाऊ नये म्हणून.

आणि पेटी आली की पेटी केवढी हा प्रश्न आला. पेटीतली कोंडलेली हवाही शंकूला मागे ढकलते. पेटी जितकी लहान तितकी ती हवा ताठ, आणि तितका खालचा सूर वर सरकतो. म्हणून १९४०-५० च्या दशकात ज्याला खोल बेस हवा तो फ्रिजएवढी पेटी बांधे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या गावी पॉल क्लिप्श यांनी 'क्लिप्शहॉर्न' बनवायला सुरुवात केली. त्यांनी तर खोलीचा कोपराच कामाला लावला. पेटीच्या आत भोंगा दुमडलेला आणि खोलीच्या दोन भिंती हा त्या भोंग्याचा पुढचा भाग. त्या काळचे अँप्लिफायर जेमतेम काही वॅटचे, त्यामुळे कमी शक्तीत मोठा आवाज काढणारा स्पीकर गरजेचाच होता. फक्त त्यासाठी घरात दोन मोकळे कोपरे हवेत. आमच्या वन बीएचकेत एका कोपऱ्यात देव्हारा आहे आणि दुसऱ्यात वॉशिंग मशीन.

स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये एक नियम गमतीने 'लोखंडी नियम' म्हणून ओळखला जातो. तो अँटन हॉफमन यांच्या नावाने सांगतात. खोल बेस, लहान पेटी आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. आपल्याकडे क्लायंटला सांगतात ना, स्वस्त, लवकर आणि चांगलं, यातलं कुठलंही दोन निवडा, तसंच. क्लिप्श यांनी लहान पेटी सोडली. तिसरी गोष्ट सोडायचं धाडस ज्याने केलं तो या लेखाचा नायक.

एडगर व्हिल्चर. जन्म १९१७, न्यूयॉर्क. आणि ऐका, शिक्षण कलेच्या इतिहासात एमए! इलेक्ट्रॉनिक्स शिकला तो दुसऱ्या महायुद्धात, सैन्यात रेडिओ आणि इतर उपकरणं सांभाळताना. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि न्यूयॉर्क विद्यापीठात संध्याकाळी ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर वर्ग घ्यायला लागला. (डिग्री बघून उमेदवार चाळणाऱ्या एचआरवाल्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. मीसुद्धा, कारण मीही इंटरव्ह्यू घेतो.)

त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट फार साधी होती. सगळे जण पेटीतल्या हवेला अडचण समजत होते, कारण शंकूची कापडी-कागदी स्प्रिंग आधीच ताठ होती आणि हवेने ती आणखी ताठ व्हायची. आता ही कापडी स्प्रिंग म्हणजे मोठी बेइमान वस्तू. थोडं ओढलं तर एका हिशोबाने मागे येते, जास्त ओढलं तर वेगळ्याच हिशोबाने, आणि तिथेच आवाज विकृत होतो. आता सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबा. हवा किती गुळगुळीत मागे ढकलते! व्हिल्चर म्हणाला, मग कापडी स्प्रिंग जवळजवळ काढूनच टाकू. शंकू लोंबता सैल ठेवू, पेटी लहान आणि हवाबंद करू, आणि स्प्रिंगचं काम त्या कोंडलेल्या हवेलाच देऊ. अडचण होती तोच पुर्जा झाला. यालाच पुढे 'अकूस्टिक सस्पेन्शन' म्हणू लागले.

पहिल्या नमुन्यासाठी शंकूभोवतीची ती सैल कापडी कड हवी होती, ती बाजारात मिळेना. त्याच्या बायकोने, रोझमेरीने, गादीच्या खोळीच्या कापडातून ती बेतून शिवून दिली. व्हिल्चरने ही कल्पना आधी मोठ्या कंपन्यांना विकायचा प्रयत्न केला, कुणी घेतली नाही. त्याच्या वर्गात हेन्री क्लॉस नावाचा एक तरुण यायचा. त्याच्याकडे बोस्टनजवळ केंब्रिजमध्ये जागा होती आणि पेट्या बनवायची हातोटी होती. १९५४ मध्ये दोघांनी 'अकूस्टिक रिसर्च' कंपनी काढली आणि 'एआर-१' विकायला आणला. शेल्फवर मावणाऱ्या पेटीतून कपाटाएवढ्या पेटीचा बेस. बदल्यात अँप्लिफायर दणकट लागे, पण तोवर तसे अँप्लिफायर मिळायला लागले होते. १९५८ मध्ये 'एआर-३' आला, त्यात घुमटाच्या आकाराचे मिडरेंज आणि ट्वीटर होते. आज कुठलाही स्पीकर उघडा, बहुतेक वेळा ट्वीटर घुमटाचाच दिसेल. एक एआर-३ आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

नशीबही मदतीला आलं. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. एक कपाट बैठकीत खपवून घेणाऱ्या घराला आता दोन कपाटं हवी होती. लहान पेट्या धडाधड खपल्या. पेटंट मात्र फार टिकलं नाही. १९५६ मध्ये मिळालेलं, पुढे कोर्टात रद्द झालं, कारण हॅरी ओल्सन यांचं तशाच कल्पनेचं आधीचं पेटंट निघालं. व्हिल्चरने अपील केलं नाही. धंदा चालू ठेवला.

आणि त्याने एडिसनची जुनी परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी प्रामाणिकपणे. १९६० च्या आसपास 'फाइन आर्ट्स क्वार्टेट' हे चार तंतुवाद्यांचं पथक रंगमंचावर आणि शेजारी एआर-३ ची जोडी. वादक वाजवता वाजवता थांबायचे, पण गज हवेत तसाच फिरवत राहायचे. आवाज स्पीकरमधून. पुन्हा खरे, पुन्हा स्पीकर. वेगवेगळ्या शहरांत असे ७५ हून जास्त प्रयोग झाले आणि चांगल्या कानांचे समीक्षकही सांधा कुठे आहे ते सांगताना चुकले. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते रेकॉर्डिंग उघड्यावर केलं होतं. का? हॉलमध्ये रेकॉर्ड केलं असतं तर त्या हॉलचा नाद रेकॉर्डमध्ये बसला असता, आणि वाजवताना या हॉलचा नाद त्यावर चढला असता. खरे वादक एकाच हॉलमध्ये वाजतात, मग स्पीकरनेही एकाच हॉलमध्ये वाजावं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कंपनीची एक ऐकायची खोली होती. तिथे कुणीही येऊन बसावं, ऐकावं. विक्री मात्र तिथे होत नसे, विकत घ्यायचा आग्रह करणारा कुणी नव्हता. माझ्या दुकानवाल्याने तेवढ्यात मला दोनदा ईएमआय समजावून सांगितला होता :-)

मग पुन्हा उंच पेट्या कशा आल्या? इथे दोन नावं महत्त्वाची. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दाखवलं की भोक असलेली पेटी हे खरं तर इलेक्ट्रिकल फिल्टरसारखं गणित आहे. पेटीला योग्य मापाचं भोक पाडलं तर मागचा आवाज योग्य वेळी उलटा होऊन पुढच्याच्या मदतीला येतो. ही युक्ती १९३० च्या दशकापासून माहीत होती, पण मापं अंदाजपंचे काढत. थील यांच्या निबंधाकडे जगाचं लक्ष गेलं ते तो १९७१ मध्ये पुन्हा छापला गेल्यावर. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं, आणि कुठल्याही स्पीकरचं वागणं काही मोजक्या आकड्यांत मांडता येऊ लागलं. आज घरी बसून फुकटच्या सॉफ्टवेअरवर पेटी डिझाइन करणारी पोरं ज्या 'थील-स्मॉल पॅरामीटर्स'ची नावं घेतात ती हीच.

आता हिशोब बघा. शेल्फवरचा चांगला स्पीकर ऐकायचा तर तो कानाच्या उंचीवर हवा, म्हणजे स्टँड आला. स्टँडने जमिनीची जागा खाल्लीच. मग त्या स्टँडच्या जागी पेटीच खालपर्यंत का नेऊ नये? जमिनीवर जागा तेवढीच, पोट मात्र दुप्पट. एका मोठ्या वूफरऐवजी दोन-तीन लहान वूफर एकाखाली एक लावले की समोरून पेटी सडपातळ दिसते. फ्लोअरस्टँडर म्हणजे लोखंडी नियमाशी केलेली ही तडजोड. तो मोठाच आहे, फक्त उभा राहून मोठा झालाय, मुंबईच्या इमारतींसारखा.

दुकानात डग्गा पोटात का जाणवला ते आता कळलं. पण घरी जाणवेल का? माझी खोली १२ फूट लांब, म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दोन भिंतींमध्ये पहिली लहर बरोबर मावते ती ३४३ भागिले ७.३२, म्हणजे सुमारे ४७ हर्ट्झला. त्या सुराला भिंतीपाशी बसलात तर तो घुमेल, अगदी मधे बसलात तर जवळपास नाहीसाच होईल. असे आणखी कितीतरी सूर, लांबीचे, रुंदीचे, उंचीचे. खालच्या सुरांमध्ये आपण स्पीकर कमी आणि आपली खोली जास्त ऐकत असतो. दुकानातली खोली माझ्याबरोबर घरी येणार नव्हती.

आता ते बाजूला ठेवलेलं उत्तर. फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले संशोधक. त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवायची शिस्त लावली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा झाकून, एकदा दाखवून. दिसल्याबरोबर गुण बदलले. मोठे, देखणे स्पीकर वर गेले, लहान प्लॅस्टिकचा संच खाली आला. आणि हे ४० जण स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते! ते वाचून मला माझा तो पोटातला डग्गा आठवला. त्यातला किती वूफरचा होता आणि किती त्या चकचकीत लाकडाचा, खरंच सांगता येणार नाही.

पण टूल यांच्या १९८० च्या दशकातल्या कामात आणखी एक निष्कर्ष होता, आणि तिथे मी वाचायचा थांबलो. काही श्रोत्यांची मतं दर वेळी बदलत. तोच स्पीकर, तेच संगीत, आज आवडला, उद्या नाही. तपासलं तेव्हा दिसलं की या लोकांची ऐकायची क्षमताच कमी झालेली होती. त्यांना त्याची कल्पना असेलच असं नाही.

तंबोरा बंद का केलाय?

मंडळी, माझे बाबा एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये ३१ वर्षं होते. पत्र्यावर प्रेस आपटायचा तो आवाज मी एकदाच ऐकलाय, सहावीत असताना, त्यांचा डबा द्यायला गेलो तेव्हा. दोन्ही कानांत बोटं घालून उभा होतो. त्या आवाजातून माझ्या इंजिनीअरिंगची फी निघाली. गेली तीन-चार वर्षं घरात एकच भांडण चाललंय. बाबा म्हणतात, "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता." आम्ही मोठ्याने बोललो की म्हणतात, "ओरडतोस काय? मी काय बहिरा आहे?" आम्ही त्याला स्वभाव समजत होतो. आई तर सरळ म्हणायची, वयाबरोबर तिरसट झालेत.

आणि इथे आमचा नायक परत येतो. १९६७ मध्ये, धंदा जोरात असताना, व्हिल्चरने कंपनी विकली. वय ५० च्या आसपास. घरच्या प्रयोगशाळेत बसून त्याने पुढचा प्रश्न घेतला, तो म्हणजे श्रवणयंत्र. मला हे वाचून आधी आश्चर्य वाटलं, मग वाटलं की हेच सरळ आहे. स्पीकरपासून कानापर्यंतचा रस्ता त्याने साफ केला होता. उरला होता तो कान.

तेव्हाची श्रवणयंत्रं म्हणजे मुळात लहान अँप्लिफायर. सगळंच मोठं करा. पण खराब झालेला कान म्हणजे व्हॉल्यूम कमी केलेला कान नव्हे. आपल्या आतल्या कानात काही केसपेशी असतात, त्या हळू आवाजांना उचलून धरतात. सततच्या गोंगाटाने आणि वयाने आधी त्याच जातात, आणि त्याही वरच्या सुरांच्या. मग हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच मोठा वाटतो. मधली जागा चेंगरते. म्हणून 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नकोस' ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एका मिनिटात निघतात. आणि दोन्ही खरी असतात.

व्हिल्चरने १९७३ मध्ये उपाय छापला. आवाजाचे खालचे आणि वरचे असे पट्टे वेगळे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी, त्या माणसाच्या कानात उरलेल्या जागेच्या मापाने. पेटंट त्याने घेतलंच नाही. ज्याला वापरायचं त्याने वापरावं. आजच्या श्रवणयंत्रांत ही अनेक पट्ट्यांची पद्धत सर्रास असते. तो २०११ मध्ये, ९४ व्या वर्षी गेला.

तंबोऱ्याचं कोडंही सुटलं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्याला असताना आपल्या तंतुवाद्यांवर एक टिपण लिहिलं होतं. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित वक्र घोडीमुळे आणि तिच्यावरच्या दोऱ्यामुळे तारेत वरचे सूर भरभरून तयार होतात. इतके, की साध्या तारेच्या नियमाने जे सूर यायलाच नकोत तेही येतात. जवारी म्हणजे हे वरचे सूर. बाबांच्या कानातून नेमके तेच गेले होते. 'स', 'श', 'त'सारखी व्यंजनंही त्याच भागात राहतात. म्हणून आमचं बोलणं त्यांना ऐकू यायचं आणि कळायचं नाही.

कानाची तपासणी करून घेऊ म्हटल्यावर बाबा आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी मी त्यांना व्हिल्चरची गोष्ट सांगितली, गादीच्या खोळीसकट. प्रेस शॉपमधल्या माणसाला स्प्रिंगची गोष्ट लगेच कळते. म्हणाले, "चल, बघू तरी तुझ्या व्हिल्चरचं काम." आलेख हातात आला तेव्हा मी तो स्पीकरच्या आलेखासारखाच वाचला. खाली ठीक, आणि ४००० हर्ट्झपाशी दरी. डॉक्टरांनी विचारलं, "गोंगाटात काम केलंय का?" बाबा म्हणाले, "नाही, तसं काही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे, सवय होती."

दीड लाखांतले एक लाख दहा हजार श्रवणयंत्रांच्या जोडीला गेले. पहिल्या दिवशी बाबांनी दोन तक्रारी केल्या. कुकर एवढ्याने ओरडतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आईच्या बांगड्या फार वाजतात. रात्री मी माझ्या जुन्या डब्यांवर तीच मैफल लावली. बाबा डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आहे."

"काय?"

"तंबोरा. पण पत्र्यासारखा वाजतोय."

ही यंत्रं मुळात बोलण्यासाठी लावलेली असतात, संगीतासाठी वेगळी सेटिंग करून घ्यावी लागते, हे नंतर कळलं. पुढच्या बुधवारी ती अपॉइंटमेंट आहे. बाबांनी स्वतः फोन करून घेतली. डिसेंबरच्या आत तंबोरा जुळायला हवा, म्हणाले.

फ्लोअरस्टँडर? ते राहिले. घेईन कधीतरी. पण त्याआधी पडद्याआड ठेवून ऐकीन, खोलीत टेप लावून मापं घेईन, आणि शेजारी बाबांना बसवीन. तुमच्या घरी कुणी 'तुम्ही पुटपुटता' म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका, आणि मनावर घ्यासुद्धा.

असो. रिलीज झालाय, बग यायला लागलेत. भेटू पुढच्या वीकेंडला.